लपवलेल्या मुलांची शाळा

नोकरीची बहुतेक वर्षं मी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. आमच्या तालुक्याच्या गावात एक छोटं चित्रपट मंडळ आहे. वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून आम्ही परदेशी चित्रपट दाखवतो. लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाचा १९८७ सालचा ‘ओ रव्वार लेझांफां’, म्हणजे ‘येतो, मुलांनो’, मी पहिल्यांदा तिथेच पाहिला. त्यानंतर मंडळात, अध्यापक विद्यालयात आणि वसतिगृहातल्या मोठ्या मुलींना तो पुन्हापुन्हा दाखवत आले.

गोष्ट जानेवारी १९४४ची. फ्रान्स जर्मन फौजांच्या ताब्यात आहे. नाताळची सुटी संपवून मुलं एका कॅथलिक निवासी शाळेत परततात आणि त्यांच्याबरोबर तीन नवी मुलं दाखल होतात. तिघंही ज्यू, तिघांचीही नावं खोटी, आणि हे सारं मुख्याध्यापक फादर जाँ यांनी जाणूनबुजून केलेलं. त्यांतल्या बोने नावाच्या मुलाला ज्युलियँ या जुन्या विद्यार्थ्याच्या शेजारची कॉट मिळते. आधी दोघांची खुन्नस, मग सावकाश दोस्ती, आणि एके सकाळी वर्गाच्या दारात गेस्टापो, म्हणजे जर्मनांचे गुप्त पोलीस.

हे सगळं माल यांनी लहानपणी पाहिलेलं होतं. फाँतेनब्लोजवळ आव्हाँ या गावी कार्मेलाइट पंथाची शाळा होती, तिथे ते शिकत. १५ जानेवारी १९४४ रोजी त्या शाळेतून तीन ज्यू मुलांना आणि मुख्याध्यापक फादर झाक यांना पकडून नेलं. माल यांचा जन्म १९३२चा. त्या दिवसानंतर हा चित्रपट करायला त्यांना चाळीसहून अधिक वर्षं लागली. तो पाहताना आणि दाखवताना मला जे उमगत गेलं ते इथे लिहिते आहे.

१. आसऱ्याची गोष्ट स्वयंपाकघरापासून पाहावी. वसतिगृह चालवणाऱ्याच्या डोळ्यांना हजेरीपट आणि शिधा यांचा मेळ घालायची सवयच असते, त्यामुळे माझं लक्ष आधी जेवणाच्या टेबलांकडे गेलं. त्या काळच्या फ्रान्समध्ये पाव, मांस, लोणी, साखर सगळं कार्डावर मिळे. कार्ड म्हणजे नाव, आणि लपलेल्या माणसाला आपलं नाव उच्चारायचीच चोरी. तेव्हा एका मुलाला ठेवून घ्यायचं म्हणजे खोटं नाव घडवायचं, त्या नावाचे कागद जमवायचे, आणि ते जमले नाहीत तर सगळ्यांच्या ताटांतून थोडं थोडं काढून आणखी एक ताट वाढायचं. चित्रपटातली मुलं कायम भुकेली दिसतात. घरून आलेली मुरंब्याची बरणी ही त्यांच्या लेखी केवढी मोठी मिळकत आहे, हे माल दाखवत राहतात. प्रेक्षक फादरच्या धैर्याबद्दल बोलतात तेव्हा मी त्यांना सांगते की ते धैर्य रोज दोन्ही वेळा ताटात वाढावं लागत होतं. आजारी पडलेल्या मुलासाठी खाट काढावी लागत होती, थंडीसाठी पांघरूण शोधावं लागत होतं. एखाद्या रात्री दार उघडून कुणाला आत घेणं थोर आहेच, पण पुढच्या महिन्याच्या अठराव्या दिवशीही त्याच्यासाठी पाव राखून ठेवणं ही गोष्ट वेगळी आणि कितीतरी अवघड.

२. गुपित एकट्या माणसाला राखता येत नाही. फादर जाँ पडद्यावर मध्यभागी दिसतात, पण नीट पाहिलं तर त्यांच्याभोवती बरीच माणसं उभी आहेत. शिकवणारे पाद्री, आजारी मुलांच्या खोलीतली नन, आणि स्वतःच खोट्या नावाने राहणारा मोरो नावाचा तरुण कर्मचारी. फेब्रुवारी १९४३ पासून फ्रेंच तरुणांना जर्मनीत सक्तीच्या मजुरीला धाडायचा कायदा झाला होता आणि तो चुकवणारे अनेक जण शाळांत, शेतांवर, मठांत दडले होते. आव्हाँच्या खऱ्या शाळेतही विद्यार्थ्यांबरोबर एका ज्यू शिक्षकालाही काम मिळालं होतं. ज्यूंना नोकऱ्यांतून दूर करणारे कायदे फ्रान्सच्या व्हिशी सरकारने ऑक्टोबर १९४० पासून आणले होते, त्यात त्याची आधीची नोकरी गेलेली. त्यालाही त्याच दिवशी पकडलं. एका छपराखाली इतकी माणसं राहत असतील तर कुणाला किती ठाऊक आहे याचा हिशेब कुणीच ठेवू शकत नाही. प्रत्येकाने गप्प राहायचं, आणि शेजारचाही गप्प राहील यावर विश्वास टाकायचा.

३. मुलांपासून काही लपत नाही. वसतिगृहात नवी मुलगी आली, तिच्या घरी काही विपरीत घडलं असेल आणि आम्ही मोठ्यांनी ते कितीही झाकलं, तरी चार दिवसांत तिच्या खोलीतल्या मुलींना कळलेलं असतं. तिला पत्र येत नाही, फोन येत नाही, सुटीचा विषय निघाला की ती उठून जाते, एवढंच त्यांना पुरतं. ज्युलियँलाही असंच कळतं. बोनेला घरून पत्र येत नाही. प्रार्थनेच्या वेळी तो बाजूला राहतो. रात्री जाग आली तर तो मेणबत्त्या लावून, डोक्यावर टोपी घालून काही पुटपुटताना दिसतो. मग ज्युलियँ त्याच्या कपाटात हात घालतो आणि एका पुस्तकावर खोडलेलं नाव त्याला सापडतं: किपेलस्टाइन.

इथून पुढचा भाग मला फार मोलाचा वाटतो. ज्यू म्हणजे काय, असं ज्युलियँ थोरल्या भावाला विचारतो. डुकराचं मांस न खाणारा, असं उत्तर मिळतं. मग त्यांच्यावर राग कशाबद्दल, असा त्याचा पुढचा प्रश्न. त्यावर भाऊ जे सांगतो त्यात अर्धी ऐकीव माहिती असते आणि अर्धा पिढ्यानपिढ्यांचा आकस. तो दुष्ट मुलगा नाही. घरात, चर्चमध्ये, रस्त्यावर जे कानावर पडलं तेच तो पुढे देतो. आमच्या मुलींना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. कोण कुणाच्या हातचं खात नाही, कोणत्या आडनावाला कोणत्या वाडीत खोली मिळत नाही, हे त्यांनीही असंच ऐकलेलं असतं. प्रसंग संपला की हॉलमध्ये जी चुळबुळ होते, त्यावरून मला ते कळतं.

४. ज्याला आसरा दिला त्याचं आपल्यात रूपांतर करू नये. पालक भेटीला येतात त्या दिवशी मोठी प्रार्थना होते आणि मुलं एकेक करून प्रसादाची पोळी घ्यायला पुढे गुडघे टेकतात. त्यांच्यात बोनेही जाऊन बसतो. सगळे जे करतात ते करावं, वेगळं दिसू नये, इतकंच त्याच्या मनात असावं. फादर जाँ पोळी हातात घेऊन त्याच्यापाशी येतात, त्याला पाहून थबकतात, आणि ती न देता पुढच्या मुलाकडे वळतात. एकही शब्द नाही. कुणी पाहिलं असतं तर घात झाला असता, असं काही प्रेक्षकांना वाटतं. मला त्यात आदर दिसतो. संकटात सापडलेल्या पोराला चुचकारून आपल्या धर्मात ओढायची संधी त्या धर्मगुरूसमोर आयती आली होती आणि त्याने ती नाकारली.

५. अत्याचाराचा चेहरा एकाच गणवेशात शोधू नये. पालकभेटीच्याच दिवशी ज्युलियँची आई मुलांना एका चांगल्या हॉटेलात जेवायला नेते. तिथे एक वृद्ध, सभ्य ज्यू गृहस्थ नेहमीचे गिऱ्हाईक म्हणून बसलेले आहेत. त्यांना उठवायला येतात ते मिलिस या जर्मनांना साथ देणाऱ्या फ्रेंच दलाचे तरुण. त्या तरुणांना हाकलतो तो शेजारच्या टेबलावरचा जर्मन अधिकारी, आणि तेही बहुधा ज्युलियँच्या देखण्या आईवर छाप पडावी म्हणून. जंगलात वाट चुकलेल्या ज्युलियँला आणि बोनेला पांघरूण देऊन शाळेत आणून सोडतात तेही जर्मन सैनिकच. मुलींचा इथे गोंधळ होतो आणि तो व्हायलाच हवा. जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये सुमारे तेरा हजार ज्यूंची धरपकड झाली, ती करणारे पोलीस फ्रेंच होते. फ्रान्समधून एकूण सुमारे ७६,००० ज्यू छावण्यांकडे धाडले गेले आणि त्यांतले जेमतेम अडीच हजार परतले. फ्रान्समधले सुमारे तीन चतुर्थांश ज्यू वाचले हेही तितकंच खरं, आणि त्यामागेही शेजारी, शेतकरी, शिक्षक, मठांतल्या नन अशी साधी माणसं होती. दोन्ही हात एकाच देशाचे होते.

६. आता जोसेफ. या चित्रपटाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याच्याविषयी.

जोसेफ शाळेच्या स्वयंपाकघरात हाताखाली काम करणारा मुलगा. पायाने अधू, विद्यार्थ्यांपेक्षा थोडासाच मोठा. श्रीमंतांची मुलं त्याच्या लंगडण्याची टर उडवतात, त्याला ढकलतात, आणि गरज पडली की त्याच्याकडेच येतात. घरून आलेला मुरंबा त्याला देऊन त्याच्याकडून पोस्टाची तिकिटं, सिगारेटी मिळवतात. ज्युलियँही त्यांच्यातच. एक दिवस स्वयंपाकीण जोसेफला कोठारातला माल चोरताना पकडते, आणि काळ्या बाजाराचा हा सगळा व्यवहार बाहेर येतो. फादर जाँ मुलांना रांगेत उभं करतात. तुमच्या आईवडिलांना त्रास नको म्हणून तुम्हाला काढत नाही, असं सांगून त्यांना शिक्षा करतात. जोसेफला मात्र कामावरून काढून टाकतात. आपण अन्याय करतो आहोत हे त्यांना कळतं आणि ते तसं बोलूनही दाखवतात. तरी काढतात. जोसेफ रडतो. जायचं कुठे, झोपायचं कुठे, हा त्याच्यापुढचा प्रश्न. थोड्याच दिवसांत गेस्टापो येते आणि तिला वाट दाखवणारा जोसेफ असतो.

एकदा हा चित्रपट वसतिगृहात दाखवला तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातल्या मावशीही मागे सतरंजीवर बसल्या होत्या. फ्रेंच संवादांचा सारांश मी अधूनमधून मराठीत सांगत होते. चित्रपट संपल्यावर मुली जोसेफवर तुटून पडल्या. गद्दार, नीच, असं बरंच काही बोलून झालं. मग मावशींनी विचारलं, “बाई, त्याला पगार किती होता ते दाखवलं का कुठं?” मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, “मग राहायला खोली? तीबी गेली का त्याची?” गेली, म्हटलं. त्या पुढे काही बोलल्या नाहीत, उठून गेल्या, कारण भांडी पडली होती. पण त्या दिवसापासून मी हा चित्रपट त्यांच्या प्रश्नाशिवाय पाहू शकलेले नाही.

जोसेफने केलं ते क्षमा करण्याजोगं नाही. तीन मुलं त्यापायी मेली. आपण केलं त्याचं त्याला फारसं काही वाटत नाही हेही माल दाखवतात. ज्युलियँ त्याला ओळखतो तेव्हा युद्ध चालू आहे एवढंच त्याचं समर्थन असतं. पण फादर जाँनी त्याला काढलं नसतं तर? मुलांना जी सजा दिली तीच त्याला दिली असती तर? ज्या माणसाने परक्या मुलांसाठी जीव धोक्यात घातला, पालकांसमोर प्रवचन देताना श्रीमंतांना त्यांच्या श्रीमंतीचा जाब विचारला, त्याच माणसाने घरातल्या सर्वांत दुबळ्या पोराच्या बाबतीत जगरहाटीप्रमाणे निकाल दिला. फादर जाँबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे, म्हणूनच हे मला इतकं लागतं. आसरा देणारं घर आतून न्यायी असावं लागतं. ज्याला गुपित ठाऊक आहे आणि ज्याच्यापाशी गमावण्यासारखं काहीच उरलेलं नाही, असा माणूस दाराबाहेर काढला की भिंती कितीही जाड असोत, त्यांचा उपयोग नसतो.

आमच्याकडे वसतिगृहांत सामान कमी भरलं की पहिली नजर स्वयंपाकघरातल्या हातांवर जाते. त्याच हातांचं मानधन महिनोन्‌महिने रखडलेलं असतं, त्याची चौकशी कुणी करत नाही. आमच्या मुली खूप मोठ्या घरच्या नव्हेत, तरीही मदतनीस पोराला हाक मारताना त्यांचा आवाज बदलत असे. जोसेफ पाहिल्यावर मी त्या आवाजाकडे लक्ष देऊ लागले.

७. ज्युलियँची नजर. वर्गात म्युलर नावाचा गेस्टापोचा माणूस येतो आणि किपेलस्टाइन कोण, असं विचारतो. कुणी बोलत नाही. तो भिंतीवरच्या नकाशाकडे वळतो, मुलांनी लावलेल्या आघाडीच्या खुणा उपटून काढतो, आणि नेमक्या त्या क्षणी ज्युलियँ मान वळवून बोनेकडे पाहतो. म्युलर ती नजर टिपतो. बोने पेनं आवरतो, शेजारच्या मुलांशी हात मिळवतो आणि निघतो.

ज्युलियँचा यात दोष होता का, असं प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतं, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असतं. माझं उत्तर ठाम आहे: नाही. म्युलर खरं नाव घेऊनच वर्गात आला होता. नाव त्याला आधीच मिळालं होतं, आणि चेहरा शोधायला त्याला अर्धा तासही लागला नसता. बोनेही निघताना ज्युलियँला हेच सांगतो, की मी तसाही सापडलोच असतो, आणि आपली पुस्तकं त्याला देऊन टाकतो. पकडला गेलेला मुलगा सुटलेल्या मुलाची समजूत घालतो आहे. आजारी मुलांच्या खोलीत दुसऱ्या एका मुलाला शोधताना घाबरलेल्या ननच्या इशाऱ्याने तो सापडतो, त्याचीही मुलींशी चर्चा करायला हवी. भीतीने झालेली चूक आणि सूडाने दिलेली बातमी यांना एका मापाने मोजू नये.

माल या प्रसंगापाशी यायला किती लांबून आले हे पाहण्यासारखं आहे. १९७४ मध्ये त्यांनी ‘लाकोम्ब, ल्युसियँ’ केला. त्यातला खेड्यातला अडाणी पोरगा जर्मनांच्या हस्तकांत सामील होतो. जोसेफची गोष्ट तिथे आधी येऊन गेली, शाळेची गोष्ट तेरा वर्षांनी आली. त्याआधी, १९६८ मध्ये, ते भारतात महिनोन्‌महिने फिरले आणि त्यातून सात भागांचा ‘फँटम इंडिया’ हा माहितीपट झाला. त्याचा एक भाग पूर्ण मुंबईवर आहे. आपल्या सरकारला तेव्हा ही मालिका रुचली नव्हती. मला त्यातलं सगळं पटत नाही. पण आपण पाहणारे आहोत आणि पाहण्यालाही जबाबदारी असते याची जाणीव त्या माणसाला होती, आणि ज्युलियँच्या त्या नजरेचं मूळ मला तिथे दिसतं.

८. तयारी नसेल तर निव्वळ चांगुलपणा पुरत नाही. माल यांच्या चित्रपटाच्या जोडीला जमल्यास ‘द शॉप ऑन मेन स्ट्रीट’ पाहावा. यान कादार आणि एल्मार क्लोस यांचा १९६५ सालचा हा चेकोस्लोव्हाक चित्रपट, सर्वोत्तम परदेशी चित्रपटाचं ऑस्कर मिळवलेला. स्लोव्हाकियातल्या गावात १९४२ साली टोनो नावाच्या गरीब सुताराला एका बहिऱ्या ज्यू म्हातारीच्या बटणांच्या दुकानावर सरकारी मालक म्हणून बसवतात. त्याचा तिच्यावर जीव जडतो. पण ज्यूंना गोळा करून नेण्याचा दिवस उजाडतो तेव्हा तिला कुठे लपवायचं याचा विचारच त्याने केलेला नसतो. दारू, भीती आणि माया यांच्या ओढाताणीत तो तिला कपाटात ढकलतो आणि त्यातच ती दगावते. टोनो वाईट माणूस नाही. त्याच्यापाशी शाळा नव्हती, मठ नव्हता, गप्प राहणारी माणसं नव्हती.

इथे मला कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवतं. सोव्हिएत राजवटीने घरादारातून उचलून नेलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात तिथे राहिले. त्यांची शाळा होती, चर्च होतं, नाटकंही होत. सरकारच्या परवानगीने, उघड्या माळावर, सगळ्यांना दिसेल असा तो आसरा होता. तिथल्या मुलांना आपलं नाव बदलावं लागलं नाही. आव्हाँच्या मुलांना काय सोसावं लागलं हे मुलींना सांगताना हा फरक फार उपयोगी पडतो.

९. चित्रपट संपल्यावर दिवे लगेच लावू नयेत, आणि लावल्यावर पुढचं सांगायचं टाळू नये. शेवटी माल स्वतःच्या आवाजात मुलांचं आणि फादरचं काय झालं ते सांगतात. इतिहासात थोडं आणखी आहे. तिन्ही मुलं आणि तो शिक्षक फेब्रुवारी १९४४ मध्ये ऑशविट्झला धाडले गेले. मुलं परत आली नाहीत. फादर झाक यांचं खरं नाव ल्युसियँ ब्युनेल, जन्म १९००चा. त्यांना माउटहाउझेन आणि त्याच्या जोडछावणीत, गुझेनमध्ये ठेवलं. मे १९४५ मध्ये छावणी मुक्त झाली तेव्हा ते जिवंत होते, पण देह पार खचला होता. २ जून १९४५ रोजी लिंझ इथे त्यांचं निधन झालं. १९८५ मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने ज्यूंचे प्राण वाचवण्यासाठी झटलेल्या अन्यधर्मीयांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं.

१०. दाखवणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. चित्रपट पावणेदोन तासांच्या आसपास आहे, मध्यंतर करू नका. आठवीच्या खालच्या मुलांना मी दाखवत नाही. सबटायटल्स इंग्रजीत असतील तर एकाने हळू आवाजात मराठीत सांगत राहावं. शाळेत चॅप्लिनचा ‘द इमिग्रंट’ दाखवतात तेव्हा बोने, जोसेफ, फादर सगळे एकत्र हसतात, तिथे मात्र काही बोलू नये. आणि शो दुपारी लावावा, म्हणजे स्वयंपाकघरातल्या मंडळींना रात्रीच्या जेवणाची घाई नसते आणि चर्चेलाही त्यांना थांबता येतं. त्यांना मागे सतरंजीवर बसवू नये, खुर्च्या द्याव्यात.